बाटलीवरची तारीख आणि गाळायचं फडकं



यंदा दशलक्षण पर्वाच्या आधी आमच्या रत्नागिरीतल्या महिला मंडळाची बैठक माझ्याच घरी झाली. विषय नेहमीचा. क्षमावाणीच्या दिवशी सामूहिक पारणं, कोणाकडे काय करायचं, भांडी कुठून आणायची. भांडी घासायला बाई मिळत नाही, म्हणून एकीनं सुचवलं की पाण्याच्या छोट्या बाटल्याच मागवू. दुसरी म्हणाली, "चालेल की, मिनरल वॉटर प्रासुकच असतं." तिसरीनं त्यात भर घातली, "गूळ आणि डाळी ऑरगॅनिक आणू, म्हणजे अहिंसकही झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझं लक्ष मात्र माझ्या धाकट्या जावेकडे होतं. सगळ्यांना मी पाणी दिलं. तिनं पेला तसाच ठेवला आणि पिशवीतून विकतची बाटली काढली. तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलाला कावीळ झाली होती. त्या पंधरवड्यात तो एका लग्नात जारचं गार पाणी प्यायला होता आणि आमच्याकडे चार दिवस राहून आमच्या विहिरीचं गाळलेलं पाणीही प्यायला होता. कशानं झाली ते आजवर ठरलेलं नाही. तिनं मला शब्दानं कधी दोष दिला नाही, पण तेव्हापासून ती आमच्याकडे बाटली घेऊन येते. घरातल्या माणसानं घरचं पाणी न पिणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्या दोन वाक्यांनी मला बरेच दिवस झोपू दिलं नाही. मिनरल वॉटर प्रासुकच असतं, ऑरगॅनिक म्हणजे अहिंसक. खरंच? मग मी वाचत बसले. जे हाती लागलं ते सांगते.

बाटलीबंद पाणी आपल्याकडे फार जुनं नाही. 'बिसलेरी' हे नाव फेलिचे बिसलेरी नावाच्या इटालियन गृहस्थाचं. त्यांचा मूळ धंदा औषधी काढ्याचा, लोह आणि सिंकोना घातलेल्या. त्या नावाचं पाणी १९६५ साली मुंबईत आलं, कारखाना ठाण्याला. काचेच्या बाटलीतलं ते पाणी मोठ्या हॉटेलांत साहेबलोकांसाठी ठेवलेलं असे. बाकीच्यांना पाणी विकत घेणं म्हणजे वेडेपणा वाटे, कारण तहानलेल्याला पाणी पाजणं हे पुण्य, त्याचे पैसे कोण घेणार? गावोगावी पाणपोया होत्या, आपल्या समाजातल्या कितीतरी जणांनी बांधलेल्या. १९६९ मध्ये ही कंपनी पार्लेच्या चौहानांनी घेतली, तीसुद्धा पाण्यापेक्षा सोड्यासाठी. १९९३ मध्ये त्यांनी आपली थंड पेयं कोका-कोलाला विकली आणि मग पाण्यावर खरा जोर दिला. तोवर काच जाऊन प्लॅस्टिक आलं होतं. आपल्या भागापुरतं सांगायचं तर २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. मी लग्न होऊन घाटावरून इथे आले तेव्हा एसटीत प्रत्येकीच्या पिशवीत घरून भरलेला पाण्याचा तांब्या नाहीतर वॉटरबॅग असे. बघता बघता ती गेली.

आता 'मिनरल' या शब्दाचं. सरकारी नियमात दोन वेगळी पाणी आहेत. एक नैसर्गिक झऱ्याचं, मुळातच खनिजं असलेलं, ते खरं मिनरल वॉटर. दुसरं 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर', म्हणजे बोअरवेलचं, विहिरीचं किंवा नळाचं पाणी यंत्रातून गाळून, जंतू मारून भरलेलं. आपण दुकानातून विकत घेतो ते जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकारचं असतं. बाटली हातात घेऊन बारीक अक्षरं वाचा, तिथेच लिहिलेलं असतं. कंपनी खोटं बोलत नाही, मिनरल आपणच म्हणतो.

मार्च २००१ पासून या बाटल्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला. सगळ्यांना वाटलं, झालं, आता काळजी मिटली. पुढे दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २००३ मध्ये, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं दिल्लीतले १७ आणि मुंबईतले १३ ब्रँड तपासून अहवाल काढला. बहुतेकांत कीटकनाशकं सापडली. लिंडेन, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस आणि डीडीटी. डीडीटी शेतीत वापरायला आपल्या देशात १९८९ पासून बंदी आहे, तरी ते बाटलीत आलं. कुठून आलं? कारखाने जमिनीखालचं पाणी उपसत होते, आणि शेतावर मारलेलं जमिनीत मुरून बसलं होतं.

या अहवालातली एक गोष्ट मला फार लागली. शिक्का असताना हे सुटलं कसं? तर नियमात लिहिलं होतं की कीटकनाशकं 'आढळू नयेत', आणि तपासायची पद्धत अशी ठोकळ होती की ती आढळतच नसत. आपल्या भाषेत सांगायचं तर गाळणंच मोठ्या भोकांचं. मग नियम बदलला, आणि जानेवारी २००४ पासून एका लिटरमध्ये एका कीटकनाशकाची मर्यादा ०.०००१ मिलिग्रॅम अशी आकड्यात ठरली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आयएसआयची सक्ती काढली आणि नोव्हेंबरमध्ये हेच पाणी 'जास्त जोखमीच्या' खाद्यपदार्थांत घातलं, म्हणजे वरचेवर तपासणी हवी असं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या तीन ब्रँडच्या बाटल्या पाहिल्या, तर लिटरमागे सरासरी २,४०,००० प्लॅस्टिकचे कण, त्यातले बहुतेक डोळ्यांना काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. ते शरीरात गेल्यावर काय करतात, हे शास्त्रज्ञ अजून तपासत आहेत, म्हणून मी त्यावर घाबरवणार नाही.

प्रासुकपणाचं म्हणाल तर गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटकांची, म्हणजे ४८ मिनिटांची. उकळलेल्याची २४ तास. बाटलीवर मात्र 'सहा महिन्यांच्या आत वापरा' असं छापलेलं असतं. शास्त्रार्थ महाराजांना विचारावा, मी त्यातली अधिकारी नाही. पण यंत्रानं जंतू मारले म्हणून पाणी सहा महिने प्रासुक राहतं, असं मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही.

आता दुसरी बाजू. बाटलीला नावं ठेवून मी 'आमची विहीर शुद्ध' म्हणून मोकळी होणार असेन, तर तेही खरं नाही.

रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढा पाऊस होऊनही मे महिन्यात वाड्यावाड्यांत टँकर फिरतात. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण कोकणाला पुरेपूर लागू पडते. कारण आपला जांभा. त्याच्या भोकाभोकांतून पाणी वेगानं खाली जातं, थांबत नाही. जे पाणी इतक्या लवकर मुरतं ते वाटेत फारसं गाळलंही जात नाही, हे मला उशिरा कळलं. शेजारचा शोषखड्डा, गोठा, वरच्या अंगाची बाग, सगळ्यांचं थोडं थोडं विहिरीत येतं. शीळ धरणाचं पाणी नळानं घरात आल्यावर शहरातल्या विहिरींकडे कोणी पाहिना. कितींवर जाळ्या पडल्या, कितींत कचरा. त्या कचऱ्यात काय तरंगतं? रिकाम्या बाटल्याच.

आणि जुन्या काळचं पाणी अमृत होतं म्हणणाऱ्यांनी नारूची आठवण ठेवावी. माझ्या माहेरी घाटावर आज्जी सांगायची, पायातून दोऱ्यासारखा किडा निघायचा, तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय सडायचा. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं पाय बुडवून पाणी भरत, त्यातून किड्याची पिल्लं पाण्यात जात, तिथे सायक्लॉप्स नावाचा बारीक जलचर ती गिळी आणि तो पाण्यावाटे माणसाच्या पोटात. नारू असलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. १९८३-८४ मध्ये देशभर मोहीम निघाली. तिच्यात लस नव्हती, औषधाची गोळी नव्हती. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या करा, पाण्यात औषध टाका, आणि पाणी फडक्यानं गाळून प्या. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

पाणी फडक्यानं गाळून प्या! हे वाचून मी थांबले. आपल्या घरांत दुपदरी घट्ट फडकं, ज्यातून सूर्य आरपार दिसू नये असं, ते रोज उन्हात वाळवायचं, आणि गाळल्यावर फडक्यात राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत हळूच परत सोडायची, ही शिस्त किती पिढ्यांची आहे. उद्देश पाण्यातल्या त्रस जीवांना जपण्याचा. जपलं गेलं माणूसही.

बाटल्यांचा तो अहवाल आला त्याच २००३ च्या सुरुवातीला आणखी एक संशोधन प्रसिद्ध झालं. रीटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे बांगलादेशातले सहकारी यांनी ६५ खेड्यांत बायकांना जुनी साडी आठ पदरी करून पाणी गाळायला शिकवलं. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जलचरांना चिकटून असतात, ते जलचर साडीत अडकतात. साडी जुनी हवी, कारण धुवून धुवून तंतू फुगून भोकं बारीक होतात. साडीनं गाळणाऱ्या खेड्यांत पटकी ४८ टक्क्यांनी कमी झाली.

म्हणून 'पूर्वजांना सगळं माहीत होतं' असं मी म्हणणार नाही. या वाक्याचा मला हल्ली कंटाळा येतो. ४८ टक्के कमी झाली म्हणजे निम्म्याहून जास्त राहिलीच. फडक्यातून सायक्लॉप्स अडतो, काविळीचा विषाणू अडत नाही. विरघळलेलं कीटकनाशक तर फडक्यात अजिबात अडत नाही, उकळूनही जात नाही. आज्जीच्याच तोंडून ऐकलंय, पटकीच्या साथीत सरकारी माणसं विहिरीत लाल औषध टाकत आणि पाणी गुलाबी होई. ते पोटॅशियम परमँगनेट. हँकिन नावाच्या साहेबानं आग्र्याला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याचा पुरस्कार केला होता. आज्जीचं घर नेमानं पाणी गाळणारं, तरी लाल औषध तिच्याही विहिरीत पडलं.

आता ऑरगॅनिककडे वळते. पाण्यात जे मुरलं ते शेतातूनच आलं, तेव्हा दोन्ही विषय एकच आहेत.

जैविक शेती परदेशातून आली असं आपल्याला वाटतं. आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शेतीतज्ज्ञ १९२४ ते १९३१ इंदुरात होते, होळकर संस्थाननं दिलेल्या जमिनीवरच्या संस्थेत. शेण, पालापाचोळा, काडीकचरा यांचा थर लावून खत करायची पद्धत त्यांनी तिथे बसवली, इथल्या शेतकऱ्यांचं बघून आणि त्यात सुधारणा करून. शेतकी पुस्तकांत 'इंदूर पद्धतीचं कंपोस्ट' म्हणतात ते हेच. पुढे १९४० साली हॉवर्डचं पुस्तक निघालं, त्याच वर्षी लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी आपल्या पुस्तकात 'ऑरगॅनिक फार्मिंग' हा शब्द वापरला. म्हणजे उकिरडा आपला, नाव विलायतेचं. ते नाव २००१ मध्ये सरकारी प्रमाणपत्र होऊन परत आलं, मुख्यतः निर्यातीसाठी. देशातल्या दुकानांसाठी 'जैविक भारत' हे चिन्ह त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं. आंब्यासारख्या झाडांना हे प्रमाणपत्र मिळवायला तीन वर्षं रसायनाशिवाय काढावी लागतात. छोटा शेतकरी थेट आपल्याला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण मग ते चिन्हही लावता येत नाही. तेव्हा चिन्ह नसलेला खरा असू शकतो, आणि नुसतं हिरव्या रंगात 'ऑरगॅनिक' लिहिलेल्या पाकिटाला काहीच अर्थ नसू शकतो.

पण अहिंसक? मैत्रिणींनो, जैविक शेतीच्या नियमांत काही अटींवर हाडांचा चुरा, रक्ताची पूड, मासळीची पूड खत म्हणून चालते. हे वाचून मी पाकीट खाली ठेवलं. फवारणी अजिबात नाही असंही नसतं. सुपारीवर कोळेरोगासाठी मारतात ते बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, जैविक शेतीतही ठरावीक मर्यादेत चालतं. आणि ऑरगॅनिक बटाटा हा शेवटी बटाटाच, हे आपल्या मुलांना एकदा नीट सांगायला हवं. परवा एका भाचीनं मला तो 'चालतो' म्हणून ऐकवलं.

जुनी शेतीही हिंसेवाचून नव्हती. कोकणात माडांना मासळीचं खत घालत आलेत. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, म्हणजे शेणी, कवळं, पालापाचोळा पसरून जमीन पेटवायची. त्या आगीत जमिनीतले किती जीव जात असतील. उत्तरेकडे ठाणे-कुलाब्यात राबासाठी झाडं तोडण्यावरून शेतकरी आणि जंगलखातं यांचं एवढं वाजलं, की १८८५ मध्ये इंग्रज सरकारला आयोग नेमावा लागला. माझं माहेर शेतकऱ्याचं. आपल्या समाजात घाटावर निम्मी घरं शेतीवाल्यांची, तरी शेतातली हिंसा आपण जेवणाच्या ताटाशी बोलत नाही.

हापूसचं काय, असं तुम्ही विचारालच. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते आंबा कुठला एवढंच सांगतं, त्यावर काय मारलं ते सांगत नाही. १ मे २०१४ पासून युरोपनं आपला हापूस काही महिने घेतला नाही, तेव्हा इथे सगळे म्हणाले औषधांमुळे. प्रत्यक्षात कारण फळमाशी होतं. म्हणजे आंबा परत फिरला तो जिवंत किड्यासाठी, विषासाठी नाही.

आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला एका काकांची बाग आहे. तीस वर्षं शेजार, पण काय फवारता, असं मी कधी विचारलं नव्हतं. यंदा विचारलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आत जाऊन वही आणली. "वहिनी, मोहोर आला की औषध मारावंच लागतं. नाही मारलं तर तुडतुडा आणि भुरी काय ठेवत नाहीत." वहीत तारीख, औषध, किती लिटर पाण्यात किती, सगळं होतं. निर्यातवाल्यांना लागतं म्हणून लिहायची सवय लागली. तोडणीच्या किती दिवस आधी थांबले तेही होतं. बाग जैविक नाही, आणि ते तसं म्हणतही नाहीत. घरच्या चार झाडांना काहीच मारत नाहीत, ती फळं डागाळलेली असतात. आम्ही आता तीच घेतो. कापताना नीट बघून कापते, अळी निघाली तर फोड बाजूला.

मग विहिरीच्या पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत दिला. पावसाळ्यातला. उत्तर आलं: पिण्यास अयोग्य, कोलिफॉर्म. कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले. तीन वर्षांपूर्वी असा नमुना दिला असता तर काय आलं असतं? मुलाला कशानं झालं ते यातून सिद्ध होत नाही, पण मी इतकी वर्षं ज्या खात्रीनं पेला पुढे करत होते ती गेली.

टीसीएल टाका, असं सांगितलं. ग्रामपंचायती टाकतातच. मला प्रश्न पडला तो जिवाणीचा. ज्या पाण्यात औषध टाकलं त्यात जिवाणी सोडून काय उपयोग? उकळण्यातही हिंसा आहे, ते मला मान्य. शेवटी विहीर उपसून गाळ काढला, कठडा लिंपला, शोषखड्ड्याची वाट बदलली, आणि पिण्याचं पाणी गाळून चांगलं खळखळ उकळायचं ठरवलं. टीसीएलचा निर्णय घरात अजून झालेला नाही. सासूबाई आणि हे, दोघांची दोन मतं आहेत.

मंडळात मी प्रयोगशाळेचा कागद सगळ्यांसमोर ठेवला. दोघी म्हणाल्या, घरचं बाहेर कशाला. बाटल्या रद्द झाल्या, पण बिनविरोध नाही. भांडी आम्ही आठ जणींनी घासली. गूळ माहेरच्या गुऱ्हाळातला आणला, ज्याच्या उसाला खत काय घातलं ते भावाला फोनवर विचारता आलं. युरिया घातला होता. तेही मी सांगितलं.

क्षमावाणीला जाऊ आली, मुलाला घेऊन. उत्तम क्षमा झाली. पानं वाढायच्या आधी तिनं पातेल्याकडे बोट दाखवून विचारलं, "वहिनी, हे कधी उकळलंय?"

"सकाळी साडेसहाला."

स्वतःसाठी तिनं पिशवीतली बाटली काढली. मुलाच्या पेल्यात मात्र पातेल्यातलं पाणी ओतलं.